तलाव काउन्सिलचा, बॉयलर कोणाचा? ब्रिटनमधल्या सार्वजनिक क्रीडासेवेचा कारभार, पायरी पायरीने

पोहणाऱ्यांसाठी दार सहाला उघडतं, पण खालच्या यंत्रखोलीत माणूस त्याच्या बराच आधी आलेला असतो. तो तलावातलं थोडं पाणी काचेच्या कुपीत घेतो, त्यात एक गोळी विरघळवतो, पाण्याला गुलाबी रंग चढतो आणि फोटोमीटरवर क्लोरीनचा आकडा उमटतो. पाण्याचा सामू 7.2 ते 7.4 च्या दरम्यान आहे ना, हे तो पाहतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब आणि पाण्याचं तापमान वहीत लिहून सही करतो. मग वरचे दिवे लागतात.

हा माणूस ज्या संस्थेच्या पगारावर आहे ती वेगळी, इमारत ज्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, मालकीची आहे ती वेगळी, आणि शेजारचा बॉयलर बंद पडला तर पैसे कोणी द्यायचे हे तिसऱ्याच कागदावर लिहिलेलं असतं. ब्रिटनमधल्या स्थानिक काउन्सिलांची क्रीडासेवा समजून घ्यायची असेल तर माझा सल्ला एवढाच: प्रत्येक पायरीवर विचारा, बिघाडाचा, तोट्याचा आणि वीजबिलाचा भार शेवटी कोणावर पडणार? तलाव चालू राहणार की बंद पडणार, हे बहुतेक वेळा या उत्तरावरच ठरतं.

तुम्ही काउन्सिलच्या क्रीडा विभागात नव्याने रुजू झाला असाल, एखाद्या ट्रस्टचे विश्वस्त असाल, निवडून आलेले सदस्य असाल, किंवा घराजवळचा तलाव बंद होणार असं कानावर आल्यामुळे धावपळ करणारे रहिवासी असाल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी 1: कायदा काय सांगतो ते आधी पक्कं करा

ही सेवा किती जुनी आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. 1846 च्या कायद्याने नगरांना आणि पॅरिशना (चर्चच्या हद्दीवरून आखलेल्या छोट्या स्थानिक विभागांना) सार्वजनिक स्नानगृहं आणि धुण्याच्या जागा बांधायची परवानगी मिळाली. कामगार वस्त्यांमधल्या घरांत पाणी नव्हतं, रोगराई होती, त्यातून हे सुरू झालं. 1878 च्या दुरुस्तीने झाकलेले पोहण्याचे तलावही त्यात आले. म्हणजे मुळात हे आरोग्याचं काम होतं, करमणूक नंतर आली. पैसे मागायला जाताना हा इतिहास लक्षात असू द्या.

आजचा कायदा मात्र वेगळ्या सुरात बोलतो. इंग्लंडमध्ये आणि वेल्समध्ये 1976 च्या स्थानिक शासन कायद्याचं कलम 19 काउन्सिलला क्रीडासुविधा देण्याचा अधिकार देतं. अधिकार देतं, बंधन घालत नाही. वाचनालयांबद्दल 1964 चा कायदा काउन्सिलला कर्तव्य सांगतो, तलावाबद्दल तसं कोणी सांगत नाही. स्कॉटलंडमध्ये 1982 च्या कायद्याने पुरेशा क्रीडासुविधांची तजवीज करणं काउन्सिलचं कर्तव्य ठरवलं, उत्तर आयर्लंडमध्ये 1986 च्या आदेशाने. तिथेही 'पुरेशा' या शब्दात बरंच काही मावतं.

याचा परिणाम दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी दिसतो. वृद्धांची काळजी आणि निराधार मुलांचं संगोपन ही बंधनकारक कामं, आणि त्यांचा खर्च वाढत जातो. उरलेल्यात तलाव, मैदानं, बागा. 2023 मध्ये वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम या काउन्सिलांनी कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे खर्च उत्पन्नात बसत नाही अशी कबुली दिली. त्यानंतर नवा खर्च थांबतो आणि ऐच्छिक सेवांवर पहिली नजर जाते.

आणखी एक गोष्ट तपासा. इंग्लंडच्या ज्या भागात दुहेरी रचना आहे तिथे क्रीडाकेंद्रं जिल्हा काउन्सिलकडे असतात, तर सार्वजनिक आरोग्याचं काम आणि त्याचं अनुदान 2013 पासून काउंटीकडे. तलावामुळे ज्याचा आजारपणाचा खर्च वाचतो आणि तलावाचा तोटा जो भरतो, ते दोघे वेगवेगळ्या इमारतींत बसतात. ही दुहेरी रचना मोडून एकच काउन्सिल करण्याचं काम सध्या सुरू आहे, त्यामुळे तुमच्या भागात करारावर पुढे सही कोणाची चालणार हे आजच विचारून ठेवा.

पायरी 2: गरज मोजा, अंदाज बांधू नका

स्पोर्ट इंग्लंड ही इंग्लंडमधल्या क्रीडाविकासाची सरकारी संस्था यासाठी साधनं देते. 2015 पासून चाललेलं तिचं 'ॲक्टिव्ह लाइव्हज' सर्वेक्षण सोळा वर्षांवरील किती लोक आठवड्याला 150 मिनिटं शारीरिक हालचाल करतात हे काउन्सिलनिहाय सांगतं. तलाव आणि सभागृहांसाठी तिचं नियोजनाचं एक प्रारूप आहे. त्यात लोकवस्ती, प्रवासाचा वेळ आणि उपलब्ध जागा यांचा मेळ घातला जातो.

मैदानांची मोजणी अधिक रंजक असते. तिला 'प्लेइंग पिच स्ट्रॅटेजी' म्हणतात. प्रौढांच्या फुटबॉलसाठी चांगलं गवताचं मैदान आठवड्याला तीन सामने सोसतं, मध्यम असेल तर दोन, आणि खराब असेल तर एकच. नकाशावर दहा मैदानं दिसतात म्हणून खूश होऊ नये. दहाच्या दहा खराब असतील तर तिथे आठवड्याला दहाच सामने व्हायला हवेत. प्रत्यक्षात वीस होतात, गवत मरतं, जानेवारीत चिखल होतो आणि मुलांच्या सामन्यांवर पाणी पडतं. अशा ठिकाणी नवीन मैदान मागण्याआधी आहे त्याच मैदानाच्या निचऱ्यावर खर्च करणं बहुधा स्वस्त पडतं.

आकड्यांबरोबर पायांनीही मोजा. मंगळवारी संध्याकाळी सातला केंद्रात जा, बुधवारी दुपारी दोनला पुन्हा जा. पहिल्या वेळी बॅडमिंटनच्या कोर्टासाठी रांग असते, दुसऱ्या वेळी पूर्ण सभागृहात दिवे जळत असतात आणि माणूस नसतो. कोण येतं यापेक्षा कोण येत नाही याची यादी जास्त उपयोगी पडते. शेवटची बस किती वाजता आहे, हा प्रश्न अहवालात क्वचित असतो. तो तुम्ही घाला.

पायरी 3: चालवणार कोण ते ठरवा

वाटा मुख्यतः चार आहेत. काउन्सिलने स्वतः चालवणं, स्वतःच्या मालकीची कंपनी काढणं, ना-नफा ट्रस्टकडे सोपवणं, किंवा खासगी चालकाला निविदेतून देणं. यातली कुठलीही एक मुळातच चांगली असं मला वाटत नाही. चारही प्रकारांत उत्तम केंद्रं आहेत आणि चारहींत गळकी छपरंही आहेत.

आजची रचना कशी आली हे समजलं की निवड सोपी जाते. 1988 च्या कायद्याने काउन्सिलांना काही कामं सक्तीने स्पर्धेला लावावी लागली, आणि 1989 मध्ये क्रीडाकेंद्रांचं व्यवस्थापन त्या यादीत आलं. काउन्सिलच्या स्वतःच्या विभागालाही निविदा भरावी लागे. स्वस्तातली निविदा जिंकू लागली. ही सक्ती 2000 च्या जानेवारीत गेली. दरम्यान 1993 मध्ये लंडनच्या ग्रिनिच काउन्सिलने अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत आपली केंद्रं कर्मचाऱ्यांनी स्थापलेल्या एका सामाजिक संस्थेकडे दिली. तीच जीएलएल (ग्रिनिच लीझर लिमिटेड). आज 'बेटर' या नावाने ती देशभर केंद्रं चालवते. तिच्या पाठोपाठ अनेक काउन्सिलांनी ट्रस्टची वाट धरली.

त्या वाटेमागे कराचा हिशेब होता, हे स्पष्ट बोललेलं बरं. धर्मादाय संस्थेला इमारतीच्या स्थानिक करात 80 टक्के सूट कायद्यानेच मिळते, उरलेल्या 20 टक्क्यांतही काउन्सिल सूट देऊ शकते. व्हॅटचं (मूल्यवर्धित कराचं) गणित मात्र 2023 मध्ये पालटलं. न्यायालयीन निकालांनंतर कर खात्याने मान्य केलं की काउन्सिल स्वतः देते ती क्रीडासेवा व्यवसायात मोडत नाही. त्यामुळे प्रवेशशुल्कावर व्हॅट नाही, आणि खर्चावर भरलेला व्हॅट परत मिळतो. मग अनेक काउन्सिलांनी 'एजन्सी मॉडेल' आणलं. केंद्र बाहेरची संस्थाच चालवते, पण शुल्क काउन्सिलच्या वतीने गोळा करते. जुना करार हातात असेल तर तो या बदलाच्या आधीचा आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहा.

माणसांचंही पाहा. सेवा एका संस्थेकडून दुसरीकडे गेली की 2006 च्या 'ट्यूपी' नियमांप्रमाणे कर्मचारी आपल्या नोकरीच्या अटींसह जातात. काउन्सिलच्या पेन्शन योजनेतले जुने जीवरक्षक आणि नव्या अटींवर आलेली मुलं एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसतात. पेन्शनचा भार कोणाकडे राहतो हे ठरल्याशिवाय निविदांची तुलना करू नका.

पायरी 4: करार ओळ न् ओळ वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. करार सहसा दहा-पंधरा वर्षांचा असतो. म्हणजे आज शिशुवर्गात असलेलं मूल महाविद्यालयात जाईपर्यंत हेच कलम लागू राहणार.

आधी 'मॅनेजमेंट फी', म्हणजे केंद्र चालवण्याबद्दल ठरलेली वार्षिक रक्कम, पाहा. ती काउन्सिल चालकाला देते की चालक काउन्सिलला? जिम मोठी आणि तलाव छोटा असेल तर चालक पैसे देऊ शकतो. जुना तलाव आणि गरीब वस्ती असेल तर काउन्सिललाच द्यावे लागतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. निविदेत कोणी फारच मोठी रक्कम देऊ करत असेल तर ती कुठल्या सदस्यसंख्येवर आधारली आहे हे विचारा. ती संख्या गाठली गेली नाही, तर तिसऱ्या वर्षी तोच चालक सवलत मागायला येतो.

मग देखभालीचा तक्ता. हा करारामागे परिशिष्टात असतो आणि बहुतेक सदस्य तिथपर्यंत पोचत नाहीत. डाव्या बाजूला वस्तू, उजवीकडे दोन रकाने: काउन्सिल आणि चालक. दिव्याचा बल्ब चालकाचा, वायरिंग काउन्सिलचं. आता बल्ब महिन्याला जळतोय, कारण वायरिंगच जुनं आहे, तर? चालक म्हणतो वायरिंग बदला, काउन्सिल म्हणते बल्ब बदला, आणि मुलींचं कपडे बदलण्याचं दालन तीन महिने अर्ध्या अंधारात राहतं. बॉयलर, फिल्टरमधली वाळू, तलावाच्या फरशा, छत आणि हवा खेळवणारी यंत्रणा या सगळ्यांवर बोट ठेवा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहून घ्या: दुरुस्ती कोणाची, बदली कोणाची, आणि वय किती. करारापूर्वी सर्व्हेयरकडून संपूर्ण तपासणी झालेली नसेल तर सही पुढे ढकला.

वीज आणि गॅस हा त्याहून नाजूक भाग. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे 4 लाख 70 हजार लिटर पाणी असतं. ते अहोरात्र ऊबदार ठेवायचं, आणि वरची हवा पाण्यापेक्षा साधारण एक अंशाने अधिक गरम ठेवायची, नाहीतर बाष्पीभवन वाढतं आणि छत कुजतं. 2022 मध्ये ऊर्जेचे दर उसळले तेव्हा ज्या करारांत सगळा भार चालकावर होता, तिथे चालकच डगमगले. माझ्या मते न्याय्य वाटणी अशी: किती युनिट जळली याची जबाबदारी चालकाची, कारण तलावावर रात्री आच्छादन घालणं त्याच्या हातात आहे. एका युनिटचा दर ठरावीक पातळीपलीकडे गेला तर तो भार काउन्सिलचा, कारण जागतिक बाजार कोणा व्यवस्थापकाच्या हातात नाही. सगळाच धोका चालकावर ढकलणारी काउन्सिल तो धोका टाळत नाही. चालक ती भीती किमतीत धरतो, किंवा बुडतो आणि किल्ल्या परत करतो.

2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे सगळी केंद्रं बंद झाली तेव्हा 'उत्पन्न थांबलं तर काय' या कलमाची किंमत कळली. सरकारला 10 कोटी पौंडांचा राष्ट्रीय मदतनिधी काढावा लागला. नव्या करारात हे कलम ठळक हवं. शेवटी परत करण्याच्या अटी: मुदत संपताना यंत्रं कुठल्या अवस्थेत हवीत, सदस्यांची माहिती कोणाची, आगाऊ भरलेलं शुल्क कोणाकडे.

निविदांची प्रक्रिया 24 फेब्रुवारी 2025 पासून 2023 च्या नव्या खरेदी कायद्याने चालते. तिचे कागद काउन्सिलचा खरेदी विभाग सांभाळेल, पण वरचे प्रश्न त्याच्यावर सोडू नका.

पायरी 5: दर आणि वेळापत्रक

तलाव स्वतःचा खर्च क्वचितच भरून काढतो. त्याला जिम ओढते आणि मुलांचे पोहण्याचे वर्ग ओढतात, कारण त्यांचे पैसे दरमहा खात्यातून आपोआप येतात. हे समजलं की चालक संध्याकाळचे चांगले तास वर्गांना का देऊ पाहतो ते कळतं. त्यात गैर नाही, पण तिथेच काउन्सिलने करारात काही तास राखून ठेवायला हवेत.

आठवड्याचा तक्ता घेऊन बसा. सकाळी नोकरदार, नंतर निवृत्त मंडळी, मग शाळा. इंग्लंडच्या अभ्यासक्रमाप्रमाणे प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला 25 मीटर आत्मविश्वासाने पोहता यायला हवं, त्यामुळे शाळेचे तास सोडून चालत नाही. मग वर्ग, मग क्लब, रात्री पुन्हा मोठी माणसं. फक्त स्त्रियांसाठीचं सत्र कुठे? ते दुपारी एकला ठेवून 'कोणी येत नाही' असा शेरा मारलेला मी पाहिला आहे. नोकरी करणाऱ्या बाईला दुपारी एकला येता येत नाही. संध्याकाळी, पडदे लावून, जीवरक्षकही स्त्रीच ठेवून एक पूर्ण वर्ष द्या, मगच निष्कर्ष काढा. 2010 च्या समता कायद्याचं कलम 149 अशा निर्णयांआधी कोणावर काय परिणाम होईल याचा विचार करायला काउन्सिलला बांधून घेतं.

सवलतीच्या दरासाठी कागदपत्रं जितकी जास्त मागाल तितके गरजू लोक काउंटरवरून परत जातील. एकदा पुरावा, मग वर्षभर कार्ड, एवढं पुरे.

पायरी 6: पाणी आणि जीव

आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणी या सरकारी नियामक संस्थेची तलावांच्या सुरक्षिततेवरची एचएसजी 179 ही पुस्तिका प्रत्येक व्यवस्थापकाच्या टेबलावर हवी. तिच्यानुसार प्रत्येक तलावाची लेखी कार्यपद्धती असते: एक रोजची, एक आणीबाणीची. जीवरक्षकाची एनपीएलक्यू ही राष्ट्रीय पात्रता दोन वर्षं टिकते आणि मधल्या काळात नियमित सराव लागतो. सरावाची वही मागा. तिच्यात एकाच पेनाने, एकाच बसणीत केलेल्या सह्या दिसल्या तर केंद्रातल्या बाकीच्या नोंदींकडेही बारकाईने पाहा.

एक प्रसंग लक्षात ठेवा, कारण तो येतोच. लहान मुलाला तलावात पातळ शौच झाली. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यात असू शकतो. तलाव तत्काळ रिकामा करायचा, पाणी गोठणकारी द्रव्य टाकून फिल्टरमधून सहा पूर्ण फेऱ्या फिरवायचं, मग फिल्टर उलटा धुवायचा. एका फेरीला तीन तास लागत असतील तर अठरा तास तलाव बंद. शनिवारी सकाळी वर्गांसाठी शंभर मुलं दारात उभी असताना हा निर्णय ड्यूटीवरच्या तरुण व्यवस्थापकाला घ्यायचा असतो. तो घेतल्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही, हे वरिष्ठांनी आधीच लेखी सांगितलेलं असावं.

पायरी 7: देखरेख

दरमहा चालक आणि काउन्सिलचा अधिकारी समोरासमोर बसावेत. एकूण भेटींची संख्या मागू नका, ती जिमवाल्यांमुळे फुगते. सवलत कार्डधारक किती आले, किती तास तलाव अनपेक्षित बंद होता, तक्रारींना उत्तर द्यायला किती दिवस लागले, एवढं पुरेसं बोलकं असतं. 'क्वेस्ट' ही बाहेरून होणारी गुणवत्ता तपासणीही उपयोगी पडते. वर्षातून दोनदा न सांगता जा आणि कपडे बदलण्याच्या खोलीतल्या शॉवरपासून पाहणी सुरू करा.

पायरी 8: नवं बांधणं, बंद करणं, लोकांकडे देणं

नवं बांधायचं असेल तर एक्सेटरचं सेंट सिडवेल्स पॉइंट पाहून या. 2022 मध्ये उघडलेलं हे ब्रिटनमधलं पहिलं पॅसिव्हहाउस दर्जाचं क्रीडाकेंद्र, म्हणजे भिंती आणि काचा इतक्या बंदिस्त की उष्णता बाहेर जात नाही. एक्समथच्या तलावाने 2023 मध्ये वेगळाच मार्ग काढला: छोट्या डेटा सेंटरमधल्या संगणकांची उष्णता पाण्यात सोडली. त्याच वर्षी सरकारने तलावांसाठी 6 कोटी 30 लाख पौंड जाहीर केले. अशा योजना येतात तेव्हा अर्जाला थोडेच आठवडे मिळतात, म्हणून तपासणीचे अहवाल आणि अंदाज कपाटात तयार ठेवा.

बंद करण्याचा प्रस्ताव आला तर सल्लामसलत नीट झाली का ते पाहा. 1985 च्या, लंडनच्या ब्रेंट काउन्सिलविरुद्धच्या खटल्यातून चार कसोट्या आल्या: निर्णय कच्चा असतानाच लोकांना विचारलं का, कारणं पुरेशी सांगितली का, वेळ पुरेसा दिला का, आणि आलेल्या उत्तरांचा मनापासून विचार केला का. मोकळी जागा विकायची किंवा दीर्घ मुदतीने द्यायची असेल तर 1972 च्या कायद्याच्या कलम 123 प्रमाणे स्थानिक वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे जाहिरात द्यावी लागते आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. रहिवाशांनी ही पानं डोळ्यांत तेल घालून वाचावीत.

तलाव स्वतःच चालवायला घेणंही शक्य आहे. न्यूकॅसलमधला जेसमंड तलाव 1991 मध्ये काउन्सिलने बंद केला, रहिवाशांनी 1992 मध्ये उघडला, आणि तो चालू आहे. लीड्समधलं ब्रॅमली बाथ्स हे 1904 चं स्नानगृह 2013 पासून स्थानिक लोकांची संस्था चालवते. या दोन्ही ठिकाणांची नावं सभेत घेतली की लोकांना धीर येतो, पण त्यांच्यामागे रोजचं व्यवस्थापन पगारी आणि शिकलेली माणसं करतात, हेही त्याच सभेत सांगा.

म्हणून पहिली सभा बोलावण्याआधी काउन्सिलकडे कागद मागा. 2000 च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली साधं पत्र किंवा ईमेल पुरतो, शुल्क सहसा नसतं, आणि कामाच्या 20 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागा: मागच्या तीन वर्षांची वीज, गॅस आणि पाण्याची बिलं, महिन्यानुसार. इमारतीच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल. ॲस्बेस्टॉसची नोंदवही. बॉयलर आणि फिल्टर कधी बसवले त्या तारखा. तलाव अचानक बंद राहिलेल्या दिवसांची यादी. चालकाबरोबरचा करार, देखभालीच्या तक्त्यासकट. व्यापारी गुपित म्हणून काही ओळी काळ्या करून येतील. त्या कुठल्या कलमातल्या आहेत हे पाहून अंतर्गत फेरविचारासाठी पुन्हा लिहा, आणि तोवर ज्याला यंत्रखोलीतलं कळतं असा एखादा निवृत्त प्लंबर किंवा अभियंता तुमच्या गटात आहे का ते शोधा.